सव्वा लाखातली अल्टो

डिसेंबर 2024 ला सासूबाईंचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, मिरजेत. आम्ही विश्रामबागला राहतो. ओळखीच्या रिक्षावाल्या दादांनी जायचे दोनशे, यायचे दोनशे असे ठरवून दिले होते. महिन्याचे साधारण साडेतीन हजार. पैशांचं एक वेळ निभलं असतं. पण डायलिसिसनंतर त्यांचं बीपी खाली येतं, अंगात त्राण राहत नाही, आणि रिक्षात आडवं होता येत नाही. जानेवारीत एका शुक्रवारी परत येताना त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टाकलं, ते घर येईपर्यंत उचललंच नाही. त्या रात्री मी मिस्टरांना म्हटलं, आपण गाडी बघूया. ते कुपवाडला एमआयडीसीत शिफ्टला असतात. म्हणाले, "बघ तू. मला त्यातलं कळत नाही, आणि रजाही शिल्लक नाही."

कळत तर मलाही नव्हतं. मी मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशोब लिहिते. चारचाकीचं लायसन 2022 ला हौसेनं काढलं होतं, त्यानंतर धाकट्या भाऊजींची गाडी चारदा चालवली असेल, तीही सोसायटीच्या रस्त्यावर. पण आता पाच महिन्यांनी गाडी दारात आहे आणि आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कार्डावर, माझं नाव आहे. या काळात मला जे कुणी आधी सांगायला हवं होतं ते लिहून ठेवते.

पैसे असे जमले. जानेवारीच्या भिशीत माझा नंबर लागला, 80,000. एक आरडी मोडली, 45,000. एकूण सव्वा लाख. दुकानात बोलले तर तोलाईदार म्हणाले, "एवढ्यात नवी स्कूटर येत्या की वो वहिनी!" बरोबरच होतं त्यांचं. पण स्कूटरवर डायलिसिसचा पेशंट कसा न्यायचा?

एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी कागदावर लिहिली आणि शेवटपर्यंत मोडली नाही: गाडीला एक लाख, बाकी पंचवीस हजार बाजूला. सगळे म्हणत होते, सगळेच घाल, जरा बरी गाडी येईल. पण यार्डात मी रोज बघते, शहाणा व्यापारी सगळं भांडवल मालात घालत नाही. हमाली, तोलाई, पोतं, भाडं हे माल घेतल्यावरच सुरू होतं. जुन्या गाडीचंही तसंच असणार, हा माझा अंदाज होता. तो खरा निघाला, कसा ते पुढे येईलच.

गाडी बघायच्या आधी दोन हिशोब केले. पहिला पासिंगचा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याची तेव्हाची फी 5,000, शिवाय फिटनेस तपासणी, पर्यावरण कर, आणि तपासणीत पास व्हावी म्हणून आधी करावं लागणारं डेंटिंग-पेंटिंग वेगळंच. म्हणजे सत्तर हजारांची 2010 ची गाडी सत्तर हजारांत पडत नाही. मी 2012 च्या खाली जायचं नाही असं ठरवलं. दुसरा हिशोब इन्शुरन्सचा. थर्ड पार्टीचा दर इंजिनाच्या सीसीवर असतो. तेव्हा 1000 सीसीच्या आत 2,094 होता, आणि 1000 च्या वर, 1500 पर्यंत, 3,416. दोन्हींवर 18 टक्के जीएसटी. गाडी बाहेरून तेवढीच दिसते, पण इंजिन 1086 सीसीचं असलं की दरवर्षी दीड हजार जास्त जातात. डिझेलचा विचारच केला नाही. आमचं चालवणं आठवड्याला जेमतेम पन्नास किलोमीटर.

बघायला जायचे ते रविवारी, कारण यार्डाला तेव्हाच सुट्टी. बरोबर भाऊजी, आणि गाडी जरा बरी वाटली की मिरजेचे चाचा. चाचा म्हणजे भाऊजींच्या गाडीचे मिस्त्री. एका गाडीचे पाचशे घेतात, आणि घ्यायचं पक्कं होत नाही तोवर चांगली म्हणत नाहीत. बोनेट उघडलं की आधी काही बघत नाहीत, नुसते कान लावून उभे राहतात. सतारी बनतात त्या गावचा माणूस, दुसरं काय!

पहिली गाडी 9 फेब्रुवारीला, पांढरी, 2009 ची. पासिंग ऑक्टोबरातच संपलेलं. मालक म्हणाले, "पासिंगचं काय नसतंय, एजंट करून देतोय." पायाखालचं मॅट उचललं तर पत्र्याला रुपयाएवढं भोक होतं, त्यातून खालची फरशी दिसत होती. घरी आलो.

दुसरी मिरजेतच, 16 तारखेला, केए-23 म्हणजे चिकोडी पासिंगची. आपल्या भागात कर्नाटकच्या गाड्या पुष्कळ विकायला असतात आणि स्वस्तही मिळतात. ही 80,000 ला होती आणि गाडी खरंच चांगली होती. मोह झाला. पण चिकोडीहून एनओसी आणायची, महाराष्ट्राचा टॅक्स नव्यानं भरायचा, नवीन नंबर घ्यायचा, तेव्हा कुठे नाव लागणार. बाहेरचा नंबर तसाच ठेवून वर्षानुवर्षं फिरवणारे आहेत म्हणा. ते माझ्यानं होणार नव्हतं.

तिसऱ्या गाडीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं.

ती लाल होती, 2013 ची, सांगलीतच. जाहिरातीत "शोरूम कंडिशन, घ्या आणि फक्त चालवा" असं लिहिलेलं, किंमत 1,05,000. फोटो बघूनच मी खूश झाले होते. 23 फेब्रुवारीला गेलो. बाहेरून चकचकीत, आत नवं सीट कव्हर, नवं मॅट, आरशाला लटकवलेली सेंटची बाटली. भाऊजींना आवडली. मी पुढच्या सीटवर बसून दार लावून घेतलं आणि काच वर केली. सेंटच्या खालून एक वास आला.

तो वास माझ्या ओळखीचा होता. माझं माहेर सांगलीवाडीचं. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा आमच्या घरात ते माळ्यापर्यंत चढलं होतं. पाणी उतरल्यावर आईचं लाकडी कपाट आम्ही तीनदा धुतलं, डेटॉल टाकलं, उन्हात ठेवलं, आत कापराच्या वड्या ठेवल्या. अजूनही पहिल्या पावसात त्या कपाटाचं दार उघडलं की तोच वास येतो. ओल्या मातीचा म्हणतात तसला चांगला वास नाही तो. गाळाचा, कुजलेल्या कागदाचा.

मी काही बोलले नाही. सीट बेल्ट ओढला. नेहमी ओढतो तेवढा स्वच्छ होता. मग ओढत राहिले, पार शेवटपर्यंत, तो आणखी येईना तोवर. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी डाग होता आणि त्याची वरची कड पट्टीनं आखल्यासारखी सरळ. बोटानं घासलं तर बारीक माती हाताला लागली. गाडी धुणारा बेल्ट इतका बाहेर काढत नाही. सीटच्या खाली हात घातला, सीट मागे-पुढे सरकते त्या लोखंडी पट्ट्या खडबडीत गंजलेल्या. मोबाइलची बॅटरी लावून हेडलाइटच्या आत बघितलं तर तळाशी मातीची पुटं.

"महापुरात गाडी कुठं होती?" मी विचारलं.

मालकांनी उत्तर भाऊजींकडे बघून दिलं. "फक्त टायरपर्यंत आलतं वो पाणी. इंजिनात न्हाई गेलं."

टायरपर्यंत आलेलं पाणी सीट बेल्टच्या गुंडाळीत कसं जाईल, हे विचारायचा माझा स्वभाव नाही. नमस्कार करून निघालो. चाचांना फोन केला तर म्हणाले, "ताई, इंजिन तर मी खोलून साफ करतो. वायरिंग कोण साफ करणार? आज वायपर बंद, उद्या सेल्फ बंद, परवा गाडी मिरजेच्या चौकात बंद. पाण्यातली गाडी फुकट दिली तरी घेऊ नका." सांगली, कोल्हापूर, कराड या पट्ट्यात 2019 आणि 2021 अशा दोन महापुरांतल्या गाड्या आहेत, आणि त्या सगळ्या काही भंगारात गेल्या नाहीत. कुणाची तरी दुसरी किंवा तिसरी गाडी म्हणून त्या रस्त्यावर आहेतच. म्हणून या भागात गाडी बघणाऱ्यानं मॉडेल आणि किलोमीटर नंतर विचारावेत. महापुराचं आधी विचारावं, आणि उत्तर काहीही येवो, बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा.

चौथी, 2 मार्चला, जुन्या गाड्यांच्या एका दुकानात. मीटरवर 48,000 किलोमीटर, आणि क्लचच्या पेडलचं रबर घासून गुळगुळीत. बारा वर्षांत 48,000 चालवणाऱ्या माणसाचा पाय एवढा काय भारी असेल! पण मी परत फिरले ते कागदांमुळे. आरसी पहिल्या मालकाच्या नावावर. त्यानं गाडी दुसऱ्याला विकली, दुसऱ्यानं दुकानाला, आणि नाव कुणीच बदललं नाही. दुकानदारानं पहिल्या मालकाच्या सह्या असलेले कोरे टीटीओ, म्हणजे मालक बदलायचे, फॉर्म काढून दाखवले, "सगळं रेडी हाय, फक्त तुमचं नाव टाकायचं." अर्ज करताना ओटीपी त्या पहिल्या मालकाच्या मोबाइलवर जातो. तो मालक कुठे आहे, विचारलं. "पुण्याला असत्यात." नंबर? "बघतो." ते अजून बघत असतील.

त्या आठवड्यात मी नाद सोडल्यात जमा होते. त्यात मार्च एंड जवळ आलेला, रोज रात्री आठ वाजत होते. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं, रिक्षा बरी आहे." त्या असं म्हणाल्या की मला जास्तच लागतं.

गाडी मिळाली ती जाहिरातीतून नाहीच. तासगावचे एक शेतकरी दुकानात हळदीची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, घ्यायला आले होते. आमचं बोलणं ऐकून म्हणाले, "आमच्या सरांची अल्टो द्यायची हाय. त्यांचा हात थरथरतोय, आता चालवत न्हाईत. पण कुणालाबी देत न्हाईत ते, दोघांना माघारी घालवलंय."

9 मार्चला तासगावला गेले. निवृत्त शिक्षक, गणपती मंदिराच्या गोपुरापासून चालत पाच मिनिटांवर घर. अल्टो, जुलै 2012 ची, पहिलेच मालक, एमएच-10, मीटर 71,000. रंग करडा, डाव्या दाराला ओरखडा, मागची डावी काच खाली होत नाही हे त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं. मग आत जाऊन एक दोनशे पानी वही घेऊन आले.

मी आयुष्यभर वह्याच बघत आले आहे, त्यामुळे ही वही मी गाडीपेक्षा जास्त वेळ बघितली. तारीख, मीटर, पेट्रोल किती लिटर, दर, आणि शेरा. जुलै 2012 पासून. ऑइल कधी बदललं, कुठे बदललं, पंक्चर किती रुपयांना काढलं. अक्षर सुरुवातीला वळणदार, 2022 नंतर हळूहळू हललेलं. मी मधलीच चार पानं उघडून दोन नोंदींमधले किलोमीटर आणि लिटर यांचा भागाकार केला. लिटरला सतरा-अठराच्या आसपास सगळीकडे येत होता. मीटर मागे फिरवणारा माणूस बारा वर्षांचे खोटे भागाकार जुळवत बसत नाही. मग ऑगस्ट 2019 चं पान काढलं. "6 ऑगस्ट. भिलवडीचा रस्ता बंद. गाडी घरीच." त्याखाली 15 तारखेपर्यंत काही नाही.

त्यांनी 1,20,000 सांगितले. मी म्हटलं, पुढच्या रविवारी मिस्त्रींना घेऊन येते, आणि सर, आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नका. ते म्हणाले, "का बरं?" म्हटलं, मिस्त्रींनी सांगितलंय. गरम इंजिन सगळी दुखणी लपवतं. थंड गाडी पहिल्या सेल्फला कशी उठते आणि तेव्हा सायलेन्सरमधून काय येतं, तेच खरं.

16 तारखेला सकाळी साडेसातला पोचलो. चाचांनी आधी बोनेटवर तळहात ठेवला. गार होतं. सेल्फ मारला, दुसऱ्या झटक्याला उठली. निळसर धूर असेल तर इंजिन ऑइल खातंय, तसा नव्हता. ऑइलचं झाकण काढून आत बघितलं, दह्यासारखा पांढरा थर नाही. पांढरा असता तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय असं समजायचं. दारांचं रबरी बीडिंग ओढून पत्र्यावरचे कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके बघितले, डिक्कीतली स्टेपनी काढून खालचा पत्रा बघितला. टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दोन टायरवर 2318 होतं, म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. नक्षी दिसायला शाबूत, पण रबर कडक होऊन चिरा पडलेल्या. मग चाचांनी सांगलीच्या रस्त्याला गाडी पळवली, मोकळ्या जागी हात सोडून स्टेअरिंग ओढतंय का बघितलं, चढावर हँडब्रेक लावून थांबवली.

परत आल्यावर सरांना विचारलं, "टायमिंग बेल्ट कधी बदलला?" वहीत कुठेही नव्हतं. म्हणजे पहिलाच. या इंजिनाला रबरी पट्टा असतो आणि तो तुटला की गाडी जागेवर उभी. टायर दोन, टायमिंग बेल्ट, बॅटरी आणि ब्रेक पॅड, असं चाचांनी कागदावर लिहून दिलं. चांगली म्हणाले नाहीत. "घ्या," एवढंच म्हणाले.

सर भाव भाऊजींशी बोलायला लागले तेव्हा चाचाच म्हणाले, "ताईंशी बोला साहेब, पैसे त्यांचे हायत." मी तो खर्चाचा कागद पुढे केला. घासाघीस फार झाली नाही, 98,000 ला ठरलं. पाच हजार लगेच यूपीआयनं दिले आणि वहीच्याच एका कागदावर पोच घेतली.

इथवर सोपं होतं असं आता म्हणावं लागेल. पुढचं सगळं कागदाचं.

आधी एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला. एक चलान निघालं, 2,000 चं, पुण्यात वेगमर्यादा ओलांडल्याचं. सर दुखावलेच. "मी साठच्या वर कधी गेलोच नाही हो." त्यांचा मुलगा आतल्या खोलीतून बाहेरच आला नाही. चलान त्यांनी त्याच दिवशी भरलं. दुसरं, आरसीला जोडलेला मोबाइल नंबर 2012 चा, तो केव्हाच बंद. ओटीपी येणार कुठे? नंबर बदलून घ्यायला चेसिस आणि इंजिन नंबर लागतात. ते करून घेतलं. तिसरं, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. एप्रिल 2019 च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती सक्तीची आहे, चारचाकीला जीएसटी धरून 879 रुपये. 20 मार्चला बुकिंग केलं तर तारीख मिळाली 8 एप्रिलची. ज्याला गाडी विकायची आहे त्यानं हे आधीच उरकलं तर सगळ्यांचेच तीन आठवडे वाचतात.

चौथं निघालं ते सगळ्यात जड. आरसीवर बँकेचा बोजा. कर्ज सरांनी 2017 ला फेडलेलं, बँकेचं पत्रही प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. पण बोजा उतरवायचा राहून गेला. आठ वर्षांपूर्वीचं पत्र आता चालत नाही, नवं लागतं, आणि फॉर्म 35, म्हणजे बोजा उतरवायचा अर्ज, त्याच्या दोन प्रतींवर बँकेचा सही-शिक्का. मधल्या काळात ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. सर शाखेत गेले तर जुनं खातं सिस्टीममध्ये सापडेना. दुसऱ्यांदा गेले तर "मार्च एंड झाल्यावर या." मार्च एंड काय असतो हे मला कुणी सांगायला नको, तरी राग आलाच.

सरांना गाडी पाडव्यालाच द्यायची होती. बोजा असलेली गाडी पूर्ण पैसे देऊन घ्यायला मी तयार नव्हते. मग असं केलं: 20,000 मागे ठेवायचे, बँकेचं पत्र हातात आल्यावर द्यायचे, आणि तसं करारातच लिहायचं. शंभराचा स्टॅम्प पेपर आता चालत नाही, पाचशेचाच घ्यावा लागतो, टायपिंगचे दोनशे. करारात गाडी ताब्यात घेतल्याची तारीख तर लिहावीच, वेळही लिहावी. आम्ही "30 मार्च 2025, सकाळी 10.40" असं लिहिलं. त्याआधी गाडीनं काही केलं असेल तर जबाबदारी त्यांची, त्यानंतरची माझी. पैसे बँकेतून बँकेत. रोख एक रुपयाही नाही.

सरांच्या मिसेसनी गाडीला हार घातला, बोनेटवर नारळ फोडू दिला नाही, चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडी मी स्वतः चालवत आणली. चाळीसच्या स्पीडनं, भाऊजी शेजारी हँडब्रेकवर हात ठेवून.

31 ला रमजान ईद म्हणून चाचांचं गॅरेज बंद. 2 एप्रिलला गाडी तिथे टाकली. टायमिंग बेल्टचं काम 3,800, ऑइल-फिल्टर 1,700, दोन टायर 5,800, बॅटरी 3,400, ब्रेक पॅड 1,200. बाजूला ठेवलेल्या पंचविसांतले जवळजवळ सोळा हजार आठवड्याच्या आत गेले. ते नसते तर गाडी दारात उभी राहिली असती आणि मी परत रिक्षा शोधली असती.

बँकेचं पत्र 9 एप्रिलला मिळालं. उरलेले वीस हजार त्याच संध्याकाळी पाठवले. आता घाई होती. विकणाऱ्यानं 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. परिवहनच्या साइटवर नावबदल आणि बोजा उतरवणं, दोन्हींचा अर्ज केला. मालक बदलाचे 300, कार्डाचे 200, टपालखर्च धरून साडेपाचशेच्या थोडं वर. बाहेर एजंट याचे 4,000 सांगत होता. मालक बदलाचे फॉर्म 29 दोन प्रतींत आणि फॉर्म 30, बोजाचा फॉर्म 35, मूळ आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, दोघांचे आधार-पॅन, फोटो, आणि चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा. हा ठसा चाचांकडूनच घेऊन ठेवा, आरटीओच्या दारात उन्हात वाकून घ्यायची वेळ येऊ देऊ नका.

10 ला महावीर जयंती. 11 ला अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. खिडकीवरच्या मॅडमनी फाइल चाळली आणि फॉर्म परत सरकवला. "ही सही जुळत नाही." 2012 च्या कागदांवरची सही ठसठशीत, शेवटी लांब रेघ असलेली. आताची तुटक, कापरी. मॅडमचं चुकलं नव्हतं. कुणाची गाडी कुणी परस्पर विकू नये म्हणूनच सही बघतात.

रविवारी, 13 तारखेला, नवे फॉर्म घेऊन परत तासगावला. सरांनी जुनी सही समोर ठेवली आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सराव सुरू केला. उजवं मनगट डाव्या हातानं धरून. मिसेस सरबत घेऊन आल्या, बघून म्हणाल्या, "चाळीस वर्षं पोरांकडनं कित्ता गिरवून घेतलात, आता तुम्ही गिरवा." सर हसले नाहीत. ती शेवटची लांब रेघ त्यांना जमत नव्हती, मध्येच पेन उडत होता. वीस-पंचवीस सह्या झाल्यावर म्हणाले, आता द्या फॉर्म. पाचही ठिकाणी एका दमात केल्या. मी शाई वाळेपर्यंत कागदांना हात लावला नाही.

14 ला आंबेडकर जयंतीची सुट्टी. 15 ला फाइल स्वीकारली गेली. 28 एप्रिलला ॲपवर नंबर टाकला तर मालकाच्या जागी माझ्या नावाची अक्षरं दिसली; ॲप पूर्ण नाव दाखवत नाही, मधली अक्षरं झाकलेली असतात, पण आपलं नाव आपल्याला कळतं. कार्ड स्पीड पोस्टनं 21 मेला आलं. सरांची पॉलिसी मेअखेर संपत होती. नवी माझ्या नावानं घेतली, थर्ड पार्टी आणि मालक-चालकाचा अपघात विमा मिळून 2,900. हा विमा जुन्या मालकाच्या नावावर तसाच चालू ठेवणारे लोक भेटले. अपघात झाल्यावर त्यांचं काय होतं ते मला बघायचं नाही.

चाचांचे गाडी बघायचे, तीन वेळचे, दीड हजार आणि आमचं पेट्रोल धरून गाडीसकट एकूण एक लाख साडेबावीस हजार झाले. उरलेल्या पैशांतून पुढच्या सीटला जाड उशी घेतली. जुलै 2027 ला पासिंग आहे, त्यासाठी पुन्हा पाचशेची आरडी लावली आहे.

आता मंगळवार-शुक्रवार मीच नेते. सासूबाईंना मी पुढची सीट मागे पाडून देते, पण येताना त्यांना मागेच आडवं व्हायचं असतं, आणि तेही डावीकडेच डोकं करून, जिथली काच खाली होत नाही. परवा म्हणाल्या, "एवढी गाडी घेतलीस, काचेचं तेवढं बघ की." चाचांना भंगारात तिचा पार्ट मिळालाय, साडेतीनशेला. पुढच्या आठवड्यात बसवतो म्हणालेत, गेले तीन आठवडे.